प्लग-सॉकेटची जोडी : काय बसावे आणि काय बसू नये

शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक हे गाव छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे साऱ्या महाराष्ट्राला परिचित आहे. फाल्गुन अमावास्येला, महाराजांच्या स्मृतिदिनी, तेथे दूरदूरहून लोक येतात. एवढा समुदाय जमायचा म्हणजे मांडव आला, दिवे आले, ध्वनिक्षेपक आले आणि वीज गेलीच तर असावे म्हणून जनित्रही आले. हा सगळा पसारा थोडक्या वेळात उभा करायचा आणि कार्यक्रम संपला की उतरवून टेंपोत भरायचा. प्रत्येक दिव्याची तार तासून, तिला पीळ देऊन, वर चिकटपट्टी गुंडाळत बसले तर दिवे लागेपर्यंत अमावास्या संपून प्रतिपदा उजाडायची! असली कामे वेळेवर होतात ती एका साध्या वस्तूमुळे. ती म्हणजे प्लग आणि सॉकेट यांची जोडी. प्लगला आपले वायरमन ‘टॉप’ म्हणतात आणि दुकानातही ‘थ्री-पिन टॉप द्या’ असेच मागावे लागते.

विद्यार्थी मित्रहो, ही जोडी म्हणजे ‘मॉड्यूलर’ रचनेचा उत्तम नमुना आहे. एखादी मोठी वस्तू अखंड न घडवता ठराविक मापाच्या सुट्या घटकांची बनवायची; कोणताही घटक काढता यावा, त्याच्या जागी त्याच मापाचा दुसरा घालता यावा, आणि बाकीच्या घटकांना त्याची दखलही घ्यावी लागू नये, अशा रचनेला मॉड्यूलर रचना म्हणतात. आगगाडीचे डबे आठवा. डबा कोणत्याही कारखान्यातून आलेला असो, जोडणीची कडी एका मापाची असली की झाले.

मात्र विजेच्या बाबतीत येथे एक पेच उभा राहतो. चुकीचा डबा जोडला गेला तर फार तर गाडी भलत्याच गावी जाईल. चुकीचा प्लग भलत्या सॉकेटात बसला, तर २३० व्होल्टच्या उपकरणाला ४०० व्होल्ट मिळतील, किंवा पंपाच्या लोखंडी अंगावर थेट फेजची तार जोडली जाईल. म्हणून विजेच्या जोडाला दोन कामे करावी लागतात. जे बसायला हवे ते सहज बसू द्यायचे आणि जे बसता कामा नये ते कितीही रेटले तरी आत जाऊ द्यायचे नाही. पहिले काम सर्वांच्या ध्यानात येते. दुसऱ्या कामाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही, आणि अपघात होतात ते नेमके तेथेच.

दिव्याच्या होल्डरातून आलेली वीज

वीज घरात आली ती दिव्यासाठी. मुंबईत १९०५ साली वाडीबंदरच्या केंद्रातून विजेचा पुरवठा सुरू झाला, त्या सुमारास जगात सर्वत्र अशीच स्थिती होती. पंखा किंवा इस्त्री लावायची झाल्यास दिवा काढून होल्डरातच तार जोडावी लागे. अमेरिकेतील हार्वे हबेल यांनी १९०४ साली एका दोन भागांच्या प्लगचे पेटंट मिळवले. एक भाग होल्डरात फिरवून कायमचा बसवायचा आणि दुसरा, पिना असलेला भाग, हवा तेव्हा घालायचा व काढायचा. कल्पना अगदी साधी, परंतु उपकरण व पुरवठा यांच्यामध्ये ठराविक मापाची सीमारेषा ओढण्याचे काम तिने केले. उपकरण करणाऱ्याने सीमेच्या एका बाजूला पाहावे, वीज देणाऱ्याने दुसऱ्या बाजूला. मॉड्यूलर रचनेचा सारा डोलारा अशा सीमारेषेवर उभा असतो.

आपल्याकडे जी गोल पिनांची पद्धत आली ती ब्रिटिशांची. तिचे मानक १९३४ सालचे. पुढे ब्रिटनने १९४७ मध्ये चौकोनी पिनांची नवी पद्धत स्वीकारली. भारतात मात्र गोल पिनाच राहिल्या आणि आज त्यांना ‘आयएस १२९३’ हे भारतीय मानक लागू आहे. जुन्या बोर्डावर ५ आणि १५ अँपिअर असे लिहिलेले दिसते, नव्यावर ६ आणि १६. जोड्या त्याच आहेत.

तीन पिनांचा त्रिकोण

आता कोठेही न जोडलेला, सुटा ६ अँपिअरचा टॉप हातात घ्या. त्याच्या खालच्या दोन पिना सुमारे ५ मिलिमीटर जाडीच्या आहेत. वरची, म्हणजे अर्थिंगची पिन सुमारे ७ मिलिमीटर जाड आहे आणि ती इतरांपेक्षा सुमारे ५ मिलिमीटर लांबही आहे. हे दोन्ही फरक हेतुपुरस्सर ठेवलेले आहेत.

पिन लांब असल्यामुळे प्लग आत सरकवताना अर्थिंग सर्वांत आधी जोडले जाते आणि ओढताना सर्वांत शेवटी सुटते. याचा अर्थ असा, की उपकरणात वीज खेळत असेपर्यंत त्याच्या धातूच्या अंगाला जमिनीचा आधार मिळालेला असतोच. पिन जाड असल्यामुळे ती खालच्या बारीक छिद्रांत शिरू शकत नाही. म्हणजे उपकरणाच्या अंगाची तार फेजच्या छिद्रात जाण्याची वाटच बंद झाली.

मोठ्या, १६ अँपिअरच्या टॉपच्या खालच्या पिना सुमारे ७ मिलिमीटर आणि अर्थिंगची पिन सुमारे ८.७ मिलिमीटर जाड असते. चाणाक्ष विद्यार्थ्यांच्या मनात येथे शंका यायला हवी. लहान टॉपची अर्थिंगची पिन ७ मिलिमीटर आणि मोठ्या सॉकेटचे फेजचे छिद्रही ७ मिलिमीटरच्या पिनसाठीच! मग लहान टॉप उलटा करून मोठ्या सॉकेटात घातला तर त्याची अर्थिंगची पिन फेजमध्ये जाणार नाही का?

याचे उत्तर भूमितीत आहे. कागदावर दोन्ही त्रिकोण काढून पाहा. लहान टॉपच्या खालच्या दोन पिनांमधील अंतर सुमारे १९ मिलिमीटर, तर अर्थिंगची पिन त्यांच्या मध्यरेषेपासून २२ मिलिमीटर वर. पायथागोरसच्या सिद्धान्ताने अर्थिंगपासून खालच्या कोणत्याही पिनेचे अंतर काढले तर ते सुमारे २४ मिलिमीटर येते. मोठ्या सॉकेटच्या खालच्या दोन छिद्रांमधील अंतर २५.४ मिलिमीटर आहे. फरक अवघा सव्वा-दीड मिलिमीटरचा. मोठ्या छिद्रात बारीक पिनेला थोडा वाव असतोच. म्हणजे दोनच पिनांचा विचार केला तर हा चुकीचा जोड जमून जाण्यासारखा आहे! तो जमत नाही तो तिसऱ्या पिनेमुळे. ती सॉकेटच्या सपाट, छिद्र नसलेल्या पृष्ठभागावर जाऊन टेकते आणि सारा टॉप अडवते. त्रिकोण दृढ असतो, त्याच्या बाजू ठरल्या की आकार ठरला, हे तुम्ही भूमितीत शिकता. येथे तोच दृढपणा पहारेकऱ्याचे काम करतो.

हा त्रिकोण आणखी एक गोष्ट पक्की करतो. सॉकेटकडे तोंड करून उभे राहिले आणि अर्थिंगचे छिद्र वर असले की फेज उजवीकडे व न्यूट्रल डावीकडे, हा आपल्याकडचा नियम. अर्थिंगची पिन असेपर्यंत टॉप एकाच रीतीने बसतो. ती पिन कोणी कापून टाकली, की टॉप अर्ध्या फेऱ्याने उलटा बसवता येतो आणि उपकरणातील बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडू लागते. उपकरण बंद दिसते, पण आतल्या तारेत फेज तशीच उभी असते.

काडेपेटीतली काडी

आपल्या गावांतून एक प्रकार सर्रास पाहायला मिळतो. टॉप फुटलेला असतो, नवा आणायला बाजाराचा दिवस उजाडायचा असतो, मग तारेची दोन टोके तासून ती सॉकेटात खुपसतात आणि निसटू नयेत म्हणून काडेपेटीतल्या काड्या ठोकतात. बल्ब लागतो, मोटर फिरते, आणि ‘काम झाले’ असे वाटते. यात काय बिघडले ते वरील विवेचनावरून तुमच्या ध्यानात आलेच असेल. त्रिकोण गेला, अर्थिंग गेले, फेज-न्यूट्रलचा नेम गेला. उघड्या तारेवर हात पडण्याचा धोका तर आहेच. परंतु डोळ्यांना न दिसणारा आणखी एक दोष आहे, तो संपर्काचा.

पितळेची पिन आणि सॉकेटातील स्प्रिंगदार पट्टी एकमेकींना जेथे टेकतात तेथे दोन्ही पृष्ठभाग आपल्याला गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्मदर्शकाखाली ते डोंगरदऱ्यांसारखे असतात. प्रत्यक्ष स्पर्श होतो तो काही मोजक्या शिखरांवर. प्रवाहाला तेवढ्या चिंचोळ्या वाटांनीच जावे लागते, म्हणून तेथे रोध निर्माण होतो. पट्टीचा दाब चांगला असला की शिखरे दबतात, स्पर्शाचे क्षेत्र वाढते आणि रोध काही मिलिओहमवर येतो. दाब कमी झाला की रोध वाढतो.

हिशेबच करू. ३ किलोवॉटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर प्रवाह घेतो. संपर्काचा रोध ५ मिलिओहम असेल तर तेथे निर्माण होणारी उष्णता म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, १६९ × ०.००५, जेमतेम ०.८५ वॉट. ही उष्णता पितळ सहज वाहून नेते. आता संपर्क सैल होऊन रोध ०.१ ओहम झाला असे धरा. उष्णता झाली १६.९ वॉट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातले लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचे असते आणि ते शिसे-कथिलाचा डाख वितळवते. त्याच्या निम्म्याहून अधिक उष्णता प्लॅस्टिकच्या बंद डबीत कोंडली गेली तर काय होईल ते सांगायला नको. शिवाय हे दुष्टचक्र आहे. तापल्याने पट्टीचा ताण जातो, पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर चढतो, रोध आणखी वाढतो, जोड आणखी तापतो. मोबाइलच्या चार्जरला त्याच सैल सॉकेटात काही होत नाही, कारण त्याचा प्रवाह अल्प आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. ‘इतके दिवस तर चालत होते’ हे वाक्य त्यामुळेच फसवे ठरते.

तेव्हा प्लग काढल्यावर पिना हाताला गरम लागल्या, किंवा सॉकेटाचे तोंड पिवळे-तपकिरी पडलेले दिसले, तर घरातील मोठ्यांना सांगून मुख्य बटण बंद करवावे आणि सॉकेट बदलून घ्यावे. मॉड्यूलर रचनेचा लाभ हाच की त्यासाठी भिंत फोडावी लागत नाही.

भिंतीवरून आठवले. हल्ली घरोघर ज्यांना नुसते ‘मॉड्यूलर’ म्हणतात ते बोर्ड असतात. सहा मॉड्यूलच्या पट्टीत सॉकेट दोन घरे व्यापतो आणि बटण एक. म्हणजे दोन सॉकेट आणि त्यांची दोन बटणे मिळून सहा घरे भरली. रचना सुबक आहे, पण एका कंपनीचे बटण दुसऱ्या कंपनीच्या पट्टीत बहुधा बसत नाही. येथे ‘न बसणे’ सुरक्षिततेसाठी नसून व्यापारासाठी आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये. पिनांच्या छिद्रांना राष्ट्रीय मानक आहे म्हणून टॉप तरी कोणत्याही कंपनीचा चालतो.

नदीकाठची मोटर

घर सोडून आता शेताकडे वळू. वढू, कोरेगाव, तुळापूर हा भीमेच्या खोऱ्यातला मुलूख. नदीकाठी बसवलेल्या पाण्याच्या मोटरींची एक अडचण शेतकऱ्यांना चांगली ठाऊक असते. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडल्याची वार्ता आली की मोटर उचलून वर आणावी लागते. मोटर थेट तारांनी स्टार्टरला जोडलेली असेल तर पाना-पेचकस घेऊन, पावसात, कदाचित रात्री, तारा सोडवाव्या लागतात. पूर ओसरल्यावर त्याच तारा पुन्हा जोडताना आर, वाय, बी या तीन फेजांपैकी दोहोंची अदलाबदल झाली, की मोटर उलटी फिरते आणि पंप पाणी नीट फेकत नाही.

या कामासाठी औद्योगिक प्लग-सॉकेट योग्य ठरतो. त्याचे आंतरराष्ट्रीय मानक ‘आयईसी ६०३०९’. कारखान्यांत, बांधकामावर, मोठ्या मांडवांच्या वीजव्यवस्थेत तुम्ही तो पाहिला असेल. जाड प्लॅस्टिकचे गोल नळकांडे, वर झाकण. त्याचा रंगच व्होल्टता सांगतो. पिवळा ११० व्होल्टचा, निळा २३० चा आणि लाल ४०० चा. पण रंग अंधारात दिसत नाही आणि घाईत कोणी पाहतही नाही. म्हणून खरी राखण आकार करतो.

सॉकेटचे तोंड म्हणजे घड्याळाची तबकडी समजा. खाली, सहाच्या जागी, एक खाच असते. प्लगवरचा उंचवटा त्या खाचेत आला तरच प्लग आत जातो. अर्थिंगची पिन इतरांहून जाड असून ती किती वाजण्याच्या जागी आहे यावर त्या जोडाची व्होल्टता ठरते. ११० व्होल्टसाठी चार वाजता, आपल्या नेहमीच्या २३० व ४०० व्होल्टसाठी सहा वाजता. मग २३० आणि ४०० ची गल्लत होईल का? होत नाही, कारण २३० व्होल्टच्या सिंगल फेज जोडाला तीन पिना असतात तर थ्री फेजच्या जोडाला चार किंवा पाच. १६, ३२, ६३ आणि १२५ अँपिअर अशा चढत्या क्षमतांचे व्यासही वेगवेगळे असतात. पाच अश्वशक्तीची मोटर थ्री फेजवर साधारण ८ अँपिअर घेते. तिला १६ अँपिअरचा लाल जोड पुरतो.

पिनांचा क्रम एकदा बांधला गेला की प्लग कितीही वेळा काढा-घाला, दोन फेज आपोआप बदलणार नाहीत. अर्थात डीपीवरच दुरुस्तीच्या वेळी फेज बदलल्या गेल्या तर प्लग काय करणार! त्यासाठी काही प्लगांमध्ये एक गमतीदार सोय केलेली असते. दोन पिना एका लहान चकतीवर बसवलेल्या असतात. पेचकसाने चकती अर्धा फेरा फिरवली की दोन फेजांची अदलाबदल होते आणि मोटर सरळ फिरू लागते.

६३ अँपिअर व त्यापुढच्या जोडांत मध्यभागी आणखी एक बारीक पिन दिसते. तिला पायलट म्हणतात. ती सर्वांत आखूड असते, म्हणून सर्वांत शेवटी जोडली जाते आणि सर्वांत आधी सुटते. तिच्यातून मुख्य प्रवाह जात नाही. ती सुटताच मागचा कॉन्टॅक्टर मुख्य वीज तोडतो, आणि जाड पिना वेगळ्या होतात तेव्हा त्यांत प्रवाह उरलेलाच नसतो. लांब अर्थिंग, मध्यम फेज, आखूड पायलट. केवळ लांबीच्या फरकाने घटनांचा क्रम ठरवण्याची ही युक्ती मला तरी फार आवडते. यात ना इलेक्ट्रॉनिक्स, ना संगणक.

चौकटीतले घटक आणि खुंट्यांचे कोडे

वढूपासून जवळच, पुणे-नगर रस्त्यावर सणसवाडी आणि पुढे रांजणगाव येथे कारखान्यांची मोठी वसाहत आहे. अशा कारखान्यांतील यंत्राला नुसती वीज पुरत नाही. मोटरीसाठी जाड तारा, तापमान सांगणाऱ्या संवेदकांसाठी बारीक तारा, संगणकाशी बोलण्यासाठी आणखी वेगळ्या तारा आणि कधीकधी दाबाखालील हवेची नळीसुद्धा लागते. साचा बदलताना या सर्वांच्या जोडण्या एकेक करून सोडवणे म्हणजे अर्धा दिवस गेला.

यावर उपाय म्हणून चौकट आणि घटक या पद्धतीचे जोड वापरतात. धातूचे कवच, त्यात एक चौकट आणि चौकटीत समजा सहा घरे. प्रत्येक घरात हवा तो घटक सरकवायचा. एकात जाड प्रवाहाच्या दोन पिना, दुसऱ्यात बारीक बारा, तिसऱ्यात हवेची नळी. चार प्रकारचे घटक उपलब्ध असतील तर सहा घरे ४ × ४ × ४ × ४ × ४ × ४, म्हणजे ४०९६ प्रकारे भरता येतात. कारखानदाराने मात्र चारच घटक तयार ठेवायचे! मॉड्यूलर रचना स्वस्त का पडते ते या गुणाकारावरून कळेल.

परंतु यातूनच नवा धोका निर्माण होतो. एकाच यंत्रावर एकाच मापाची चार कवचे शेजारी शेजारी असली तर चुकीची जोडी जुळवली जाणारच. म्हणून कवचात कूट-खुंट्या बसवतात. याचे गणित मजेचे आहे आणि ते पुठ्ठ्यावर करून पाहण्यासारखे आहे.

प्लगवर आणि सॉकेटवर समोरासमोर चार जागा आहेत असे समजा. प्रत्येक जागी खुंटी एकतर प्लगमध्ये लावायची किंवा सॉकेटमध्ये. खुंटीसमोर रिकामे छिद्र आले तर ती आत जाते. खुंटीसमोर खुंटी आली तर दोन्ही एकमेकींना अडवतात. प्रत्येक जागी दोन पर्याय, जागा चार, तेव्हा २ × २ × २ × २ म्हणजे १६ निरनिराळ्या जोड्या होतील असे प्रथमदर्शनी वाटते.

हे उत्तर चुकीचे आहे. का ते पाहू. ‘क’ प्लगला १ आणि २ या जागी खुंट्या आहेत. म्हणजे त्याच्या सॉकेटला ३ आणि ४ या जागी. आता ‘ख’ नावाचा दुसरा प्लग घ्या, त्याला फक्त १ या जागी खुंटी आहे. ‘ख’ हा ‘क’च्या सॉकेटात घालून पाहा. १ ची खुंटी रिकाम्या छिद्रात गेली. २ या जागी दोन्हीकडे छिद्रे, अडवणारे कोणीच नाही. ३ व ४ येथे सॉकेटच्या खुंट्या प्लगच्या रिकाम्या छिद्रांत गेल्या. प्लग सुखेनैव आत बसला! खुंट्यांची मांडणी वेगळी असूनही राखण झाली नाही, कारण ‘ख’च्या खुंट्या ‘क’च्या खुंट्यांपैकीच होत्या.

यावरून नियम असा निघतो, की एका प्लगच्या सर्व खुंट्यांच्या जागा दुसऱ्या प्लगच्या खुंट्यांच्या जागांत पूर्णपणे सामावलेल्या असता कामा नयेत. हे साधण्याचा सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक प्लगला सारख्याच संख्येने खुंट्या देणे. चार जागांपैकी दोन निवडायच्या तर १-२, १-३, १-४, २-३, २-४ आणि ३-४ अशा सहा निवडी होतात. यांतील कोणतेही दोन प्लग घ्या, पहिल्याला एक तरी अशी खुंटी आहे जी दुसऱ्याला नाही, आणि ती दुसऱ्याच्या सॉकेटातील खुंटीवर आपटते. सोळातून हाती आल्या सहाच, पण त्या सहा भरवशाच्या. यापेक्षा अधिक मिळवता येणार नाहीत हे जर्मन गणिती इमान्युएल स्पर्नर यांनी १९२८ साली सिद्ध केलेल्या प्रमेयावरून निघते. त्यांनी अर्थातच प्लगांचा विचार केला नव्हता, त्यांचा विषय होता संच आणि उपसंच.

वर्गात हा प्रयोग करावयाचा झाल्यास पुठ्ठ्याच्या जोडपट्ट्या कराव्यात आणि खुंट्यांसाठी काडेपेटीतल्या काड्या वापराव्यात. काडीचा विजेशी संबंध आलाच तर तो एवढाच असावा. चालू वीजजोडणीवर कोणताही प्रयोग करू नये, हे शिक्षकांनी आरंभीच बजावावे.

बसते, पण बसू नये असा जोड

२०१९ साली सुरू झालेल्या पीएम-कुसुम योजनेपासून महाराष्ट्रात शेतावरील सौर पंपांची संख्या वाढू लागली. या पंपांची पॅनेले ज्या जोडांनी एकमेकांना जोडतात ते बोटाएवढे काळे जोड ‘एमसी-४’ या नावाने ओळखले जातात. चार हा आकडा आतील पिनेच्या व्यासाचा, ४ मिलिमीटरचा. प्रत्येक पॅनेलच्या धन आणि ऋण तारांची टोके परस्परांत बसणारी असतात. त्यामुळे एका पॅनेलचे धन टोक पुढच्याच्या ऋण टोकात सहज बसते आणि पॅनेलांची एकसर माळ आपोआप तयार होते. धनाला धन जोडू म्हटले तरी जोडता येत नाही. मॉड्यूलर रचनेचे याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण.

तरीही येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. एका पॅनेलची खुली व्होल्टता ४५ व्होल्ट धरली तर दहांच्या माळेची ४५० होते. एकेक घटक निरुपद्रवी वाटला तरी माळ तशी नसते. त्यातून ही वीज एकदिश. घरातील प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून पिना वेगळ्या होताना पडलेली ठिणगी विझायला त्याला संधी मिळते. एकदिश प्रवाह शून्यावर येतच नाही. पंप चालू असताना हा जोड ओढला तर ठिणगीची ज्योत होऊन ती जळत राहते. यासाठीच त्याची खिटी अशी केली आहे की ती सहजासहजी निघू नये. आधी पंपाचे बटण व पॅनेलांकडील एकदिश प्रवाहाचे बटण बंद करायचे, मगच जाणकाराने जोडाला हात लावायचा. सूर्याला मात्र बटण नाही. ऊन आहे तोवर पॅनेलांची व्होल्टता तशीच असते, हे विसरू नये.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. बाजारात अनेक उत्पादकांचे एमसी-४ सारखे दिसणारे जोड मिळतात. एकाचा नर भाग दुसऱ्याच्या मादी भागात ‘खट्ट’ आवाज करून बसतो. पण मापातील किंचित फरक, धातूवरील मुलाम्यातील फरक यांमुळे संपर्काचा रोध काळाच्या ओघात वाढू शकतो, आणि मग मघाशी आपण मांडलेला उष्णतेचा हिशेब छपरावर किंवा शेतात, कोणी पाहत नसताना, सुरू होतो. येथे आकाराने राखण केली नाही, म्हणून ती माणसाने करायची. जोडाचे दोन्ही भाग एकाच उत्पादकाचे आहेत ना, हे पॅनेले बसवतानाच पाहून घ्यायचे.

विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या बाबतीत याच प्रश्नाची पुनरावृत्ती झाली. प्रत्येक स्कूटरचा जोड निराळा, त्यामुळे एकीचा चार्जर दुसरीला निरुपयोगी. २०२३ साली भारतीय मानक ब्युरोने हलक्या वाहनांसाठी एकदिश व प्रत्यावर्ती अशा दोन्ही प्रवाहांनी भारण करू शकणाऱ्या, भारतातच विकसित झालेल्या जोडाचे मानक मंजूर केले.

स्वाध्याय

१. कूट-खुंट्यांसाठी चारऐवजी पाच जागा असतील तर भरवशाच्या जोड्या जास्तीत जास्त किती मिळतील? प्रत्येक प्लगला दोन खुंट्या द्याव्यात की तीन? सहा जागा असतील तर?

२. एका सैल सॉकेटच्या संपर्काचा रोध ०.०८ ओहम आहे. त्यातून १० अँपिअर प्रवाह गेला तर तेथे किती वॉट उष्णता निर्माण होईल? प्रवाह निम्मा केला तर उष्णताही निम्मी होईल का?

३. १६ अँपिअरच्या टॉपच्या खालच्या पिनांमधील अंतर २५.४ मिलिमीटर असून अर्थिंगची पिन त्यांच्या मध्यरेषेपासून २८.६ मिलिमीटर वर आहे. अर्थिंगपासून खालच्या पिनेचे अंतर काढा.

उत्तरे : १. पाच जागांसाठी १०, खुंट्या दोन किंवा तीन कितीही दिल्या तरी तेवढ्याच, मात्र सर्व प्लगांना सारख्या हव्यात. सहा जागांसाठी प्रत्येकी तीन खुंट्या देऊन २०. २. ८ वॉट, प्रवाह निम्मा केल्यास २ वॉट. ३. सुमारे ३१.३ मिलिमीटर.